घाम, मीठ आणि चिखल : अडथळा शर्यतीतील द्रव-क्षार संतुलनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

काटेरी तारांखालून चिखलात सरपटायचे, दोरावर चढायचे, बर्फाळ पाण्याच्या टाकीत बुडी मारायची आणि बाहेर येताच पुन्हा डोंगर चढायला लागायचे. असे पाच-सहा तास करणाऱ्या माणसाने किती पाणी आणि किती मीठ घ्यावे? प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तरासाठी मात्र इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणी, अमेरिकेच्या वाळवंटात बांधले जाणारे धरण, १९७१ सालच्या निर्वासितांच्या छावण्या आणि दक्षिण आफ्रिकेतली नव्वद किलोमीटरची शर्यत असे बरेच फिरून यावे लागते. या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे. मग तो डॉक्टर असो, आहारतज्ज्ञ असो, प्रशिक्षक असो की रविवारी पहाटे सिंहगड चढणारा हौशी धावपटू. या विषयात पाठांतर थोडे आणि मोजमाप पुष्कळ आहे, आणि बरेचसे मोजमाप घरच्या वजनकाट्यावर होते.

खेळ तसा तरुण आहे. १९८७ मध्ये इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर 'टफ गाय' ही शर्यत सुरू झाली. ती ऐन जानेवारीत भरत असे आणि गारठून बाद होणाऱ्यांची संख्या तिथे नेहमीच मोठी असे. अमेरिकेत २०१० मध्ये 'स्पार्टन रेस' आणि 'टफ मडर' या दोन्ही मालिका सुरू झाल्या आणि खेळ जगभर पसरला. स्पार्टनची 'बीस्ट' साधारण २१ किलोमीटर आणि तीस अडथळ्यांची, तर 'अल्ट्रा' पन्नास किलोमीटर आणि साठ अडथळ्यांची असते. 'वर्ल्ड्स टफेस्ट मडर'मध्ये एकाच वाटेवर चोवीस तास फेऱ्या मारायच्या असतात. आपल्याकडे शहरांजवळ होणाऱ्या बहुतेक शर्यती पाच-दहा किलोमीटरच्या, तास-दीड तासात आटोपणाऱ्या असतात. तेवढ्यासाठी आदल्या दिवशीचे नीट जेवण, सकाळचे पाणी आणि वाटेत तहान लागेल तसे दोन-चार घोट पुरतात. खरा अभ्यासविषय दोन-तीन तासांनंतर सुरू होतो.

पायाची गोष्ट आधी सांगतो. आपले शरीर जितक्या काटेकोरपणे रक्तातल्या मिठाचे पाण्याशी असलेले प्रमाण जपते, तितक्या काटेकोरपणे नुसते पाणी जपत नाही. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. सोडियमचा एक मिलिमोल म्हणजे २३ मिलिग्रॅम. रक्ताची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी जरी वाढली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या संवेदक पेशींना ते कळते, तहान लागते, आणि मूत्रपिंडांनी पाणी रोखून धरावे म्हणून व्हेसोप्रेसिन हे संप्रेरक सुटते. उलट सोडियम आणि रक्ताचे आकारमान घटू लागले की अल्डोस्टेरॉन मीठ राखू लागते. पाणी आणि मीठ या दोन्हींचे नियमन असे एकमेकांत गुंतलेले आहे. म्हणून 'पाणी किती प्यायचे?' हा प्रश्न सुटा विचारला की उत्तर हमखास चुकते. या विषयातल्या शंभर वर्षांतल्या चुका याच एका सवयीतून झाल्या, असे माझे मत आहे.

घामाचे स्वरूपही ध्यानात घ्यायला हवे. घर्मग्रंथीच्या वेटोळ्यात घाम तयार होतो तेव्हा तो जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नळीतून त्वचेकडे येताना त्यातले मीठ परत शोषले जाते. घाम संथ येत असेल तर शोषणाला वेळ मिळतो. धो-धो येत असेल तर मीठ निसटते. त्यामुळे एकाच धावपटूचा घाम सकाळी गोडसर आणि दुपारी खारट असू शकतो, आणि दोन धावपटूंमध्ये तर फारच मोठा फरक पडतो. लिटरमागे वीसपासून ऐंशी मिलिमोलपर्यंत सोडियम सर्रास आढळते. या नळीचे महत्त्व वैद्यकाला फार वेगळ्या ठिकाणी कळले. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली, तेव्हा उष्म्याने खालावून रुग्णालयात आलेल्या बालकांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुले जास्त आहेत, हे पॉल दि सँट'अग्नेसे या डॉक्टरांच्या लक्षात आले. या मुलांच्या घामात मीठ अतोनात असते, हे त्यांनी पुढे १९५३ मध्ये दाखवून दिले. मीठ परत शोषणारी वाट या मुलांत जन्मतःच बंद असते. निरोगी माणसात ती उघडी असते, आणि उन्हात दहा-चौदा दिवस रोज घाम गाळला की ती अधिक कार्यक्षम होते. सरावलेल्या माणसाला घाम लवकर आणि जास्त येतो, पण तो पातळ असतो. डिसेंबरात सराव करून एप्रिलच्या उन्हात शर्यतीला उतरणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

आता इतिहासाकडे येऊ. तो थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण आजचा प्रत्येक वाद त्यात दडलेला आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, तापलेल्या कोळसाखाणींत कामगारांना असह्य पेटके येत. मॉस यांनी १९२३ मध्ये या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मागे जे. एस. हाल्डेन यांचे मार्गदर्शन होते. घामातून मीठ गेले आणि बदली नुसते पाणी भरपूर प्यायले की स्नायू आखडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९३२ च्या उन्हाळ्यात हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीचे डेव्हिड ब्रूस डिल आणि सहकारी हूव्हर धरणाच्या कामावर, बोल्डर सिटीत जाऊन राहिले. भर वाळवंटात राबणाऱ्या मजुरांना पाणी मुबलक मिळत होते, तरी ते कोसळत होते. जेवणात मीठ वाढवा, हा त्यांचा सल्ला तिथून पुढे कारखान्या-कारखान्यांत गेला.

पण याहून जवळून पाहिलेला प्रयोग लंडनच्या मॅकॅन्स यांचा. १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी स्वतःवर आणि काही स्वयंसेवकांवर तो केला. दिवसेंदिवस मीठविरहित जेवण घ्यायचे, आणि रोज तापलेल्या आच्छादनाखाली रबरी चादरीवर पडून दोन तास घाम गाळायचा. अंगावरचा आणि चादरीवरचा घाम ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन घ्यायचा, म्हणजे गेलेल्या मिठाचा कणही मोजणीतून सुटू नये. पाणी हवे तितके प्यायला मुभा होती. आठवडा उलटेपर्यंत या माणसांच्या तोंडची चव गेली, जिना चढताना धाप लागू लागली, जबडा चावताना आखडू लागला, डोके सुन्न झाले. पाणी पिऊनही बरे वाटत नव्हते, कारण मिठाशिवाय ते पाणी शरीरात टिकतच नव्हते. दमसासाच्या शर्यतीत सहाव्या तासाला धावपटू म्हणतो, 'पाणी पितोय, पण अंगी लागत नाहीये.' त्याचे शास्त्रीय वर्णन नव्वद वर्षांपूर्वी इतके नेमके लिहिले गेलेले आहे.

त्यानंतरचा टप्पा आतड्यात घडला. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून शिरतात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. अकरा वर्षांनी त्याचे मोल कळले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लाखो निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, आणि सीमेवरच्या बनगाव इथे दिलीप महालनबीस यांच्यासमोर शिरेतून देण्याचे सलाइन संपत चालले होते. त्यांनी कोलकात्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे तयार करवून घेतली आणि नातेवाइकांच्याच हातून ते पाणी रुग्णांना पाजले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. आपल्या पिशवीतल्या ओआरएसच्या पाकिटाचा वंश असा थेट बनगावला जातो. मरणोत्तर का होईना, २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, याचा मला आनंद आहे.

मात्र एक गोष्ट ठळक करून सांगायला हवी. कॉलऱ्याचा रुग्ण अंथरुणावर असतो. धावपटू भिंतीवर चढत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असते आणि ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. लांब शर्यतीत स्नायूंना तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय इंधन लागते. उलट १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी फुटबॉलपटूंसाठी बनवलेल्या गेटोरेडसारख्या पेयांत साखर साठ ग्रॅमच्या आसपास असते, पण सोडियम केवळ वीस मिलिमोल. एकात मीठ आहे आणि इंधन नाही, दुसऱ्यात इंधन आहे आणि मीठ तुटपुंजे. अनुभवी अडथळापटू म्हणूनच दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतात. बाटलीत खारट पाणी असते आणि खिशात खजूर, चिक्की किंवा जेल.

मॅरेथॉनच्या जगाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. एकेकाळी धावताना पाणी पिणे हे कच्चेपणाचे लक्षण मानले जाई, आणि नियमानेही पहिल्या अकरा किलोमीटरपर्यंत पेय मिळत नसे. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी मॅरेथॉनमध्ये अपुरे पाणी पिण्याच्या धोक्यावर लेख लिहिला. दोघेही सोन्याच्या खाणींतल्या उष्म्याचे अभ्यासक होते, म्हणजे पुन्हा खाणीच. तिथून लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या भूमिकापत्रात तासाला सहाशे ते बाराशे मिलिलिटर, पोटाला झेपेल तितके प्या, असा सूर होता. 'तहान लागायची वाट पाहू नका' हे वाक्य तेव्हापासून इतके रुजले की आजही प्रत्येक शिबिरात ते कानी पडते.

या सल्ल्याची दुसरी बाजू डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्या दरम्यान धावल्या जाणाऱ्या कॉम्रेड्स शर्यतीत दिसली. १९२१ पासून चालत आलेली ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत महाराष्ट्रातल्या धावपटूंना चांगली परिचयाची आहे. दरवर्षी आपल्याकडून मंडळी तिथे जातात. १९८१ मध्ये या शर्यतीत एक महिला धावपटू वाटेत पाणी पीत पीत धावली आणि शेवटच्या टप्प्यात भ्रमिष्ट होऊन कोसळली. तिच्या रक्तातले सोडियम ११५ मिलिमोलपर्यंत उतरले होते. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी अशा चार घटना १९८५ मध्ये प्रसिद्ध केल्या. हा हायपोनॅट्रेमिया, म्हणजे पाण्याने रक्त पातळ होऊन सोडियम घसरणे. पुष्कळांना तो अपवाद वाटला. पण २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा तेरा टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याखाली निघाले आणि तिघांचे १२० किंवा त्याखाली. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला. सोडियम कोणाचे घसरले, तर शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांचे. चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि अंगाने लहान असलेले यांना धोका अधिक होता.

यावर अनेकांची पहिली प्रतिक्रिया असते, 'मग मीठ घेऊन प्यायचे.' तसे करून सुटका नाही. वीस मिलिमोलचे पेय असो की साधे पाणी, १४० मिलिमोलच्या रक्तात गरजेपेक्षा जास्त ओतले की रक्त पातळच होते. शिवाय वेदना, मळमळ आणि श्रम यांमुळे व्हेसोप्रेसिन सुटतच राहते, त्यामुळे मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही. वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील तर अडचण आणखी वाढते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन्सवर घाव घालतात आणि व्हेसोप्रेसिनचा परिणामही वाढवतात. लांब शर्यतीच्या आधी 'गुडघ्यासाठी एक' म्हणून गोळी घेण्याची पद्धत मोडायला हवी, असे मी निःशंकपणे म्हणतो.

इथवरची विद्या उधारीची आहे. खाण, छावणी आणि रस्त्यावरची मॅरेथॉन यांच्याकडून ती घेतली. अडथळा शर्यतीचे स्वतःचे प्रश्न इथून सुरू होतात, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटतात.

पहिला प्रश्न थंड पाण्याचा. अंगावर गार पाणी पडले की त्वचेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदयाला वाटते की रक्त भरपूर आहे. व्हेसोप्रेसिन घटते, लघवी वाढते, आणि तहानही मंदावते. दोन मिनिटांच्या एका बुडीने फार काही बिघडत नाही. याचा बाऊ करणारेही आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. पण चोवीस तासांच्या शर्यतीत तासागणिक पाण्यात उतरणारा माणूस दिवसभर घाम गाळतो आणि रात्रभर थंडीने लघवीला जातो. त्यातच रात्री अंगावर निओप्रिनचा वेटसूट चढवलेला असतो. चढावर तो आतून घामाने भिजतो, पण घाम सुकायला वाव नसतो आणि आपण घामाघूम झालो आहोत हे त्याला कळतही नाही. 'तहान लागली की प्या' हा मॅरेथॉनसाठी शहाणा असलेला नियम इथे लंगडा पडतो, कारण तहानच खोटी बोलत असते.

दुसरा प्रश्न हातांचा आहे, आणि पुस्तकात तो क्वचितच सापडतो. गारठलेल्या, चिखलाने माखलेल्या, दोराने सोललेल्या बोटांनी मिठाच्या कॅप्सूलची पट्टी फोडून पाहा. गोळी बोटांच्या चिमटीत टिकत नाही. जेलचे पाकीट दातांनी फाडायला गेले तर आधी चिखल तोंडात जातो. कागदावरचा 'दर पाऊण तासाने एक कॅप्सूल' हा आराखडा तिसऱ्याच अडथळ्याला कोलमडतो. म्हणून जाणती माणसे मीठ आधीच पाण्यात विरघळवून मऊ बाटल्यांत भरतात, बाटलीचे तोंड झाकणारे टोपण लावतात, आणि फेरीच्या शर्यतीत दर फेरीला तंबूत खाणे-पिणे उरकतात. मणक्यापाशी पाणपिशवी बांधली तर तारांखालून सरपटताना ती अडकते. कमरेला बांधली तर भिंत चढताना खुपते. योजनेत काय प्यायचे याइतकेच कुठे आणि कोणत्या हाताने प्यायचे, हेही लिहिलेले असावे.

तिसरा प्रश्न चिखलाच्या पाण्याचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये नेवाडातल्या एका गुरांच्या कुरणावर अशी शर्यत झाली. त्यानंतर बावीस जणांना कॅम्पिलोबॅक्टरची लागण झाल्याचे आढळले, आणि चिखलाचे पाणी चुकून गिळणे हे त्यामागचे कारण ठरले. त्याआधी २००० मध्ये मलेशियातल्या सबाह इथल्या 'इको-चॅलेंज' या साहस शर्यतीनंतर स्पर्धकांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. सेगामा नदीत पोहणाऱ्यांना तिचा धोका अधिक होता. लेप्टो आपल्या कोकण-मुंबईला नवा नाही, आणि तो मूत्रपिंडावरच घाला घालतो. पावसाळ्यातल्या शर्यतीनंतर आठ-दहा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि लघवी कमी होणे दिसले, तर डॉक्टरांना 'चिखलात उतरलो होतो' हे आवर्जून सांगावे. त्याशिवाय तपासणीची दिशाच मिळत नाही.

चौथा प्रश्न वैद्यकीय तंबूतला, आणि तो सर्वांत अवघड. बरळणारा, अडखळणारा, ओकणारा स्पर्धक समोर आला. उन्हाच्या मॅरेथॉनमध्ये उष्माघात आणि हायपोनॅट्रेमिया या दोन शक्यता आधी मनात येतात. इथे गारठा हीही तितकीच मोठी शक्यता असते, शिवाय साखर उतरलेली असू शकते आणि उंचावरून पडून डोक्याला मारही लागलेला असू शकतो. नाडी धरून हे ओळखू येत नाही. गुदद्वारातले तापमान, बोटातल्या रक्ताची साखर आणि शक्य तिथे छोट्या यंत्रावर सोडियम, एवढे तरी मोजायलाच हवे. तापमान चाळीसच्या वर असेल तर आधी बर्फाच्या पाण्यात बसवायचे आणि मग रुग्णालयाकडे न्यायचे. सोडियम घसरल्याने झटके येत असतील तर तीन टक्क्यांचे खारट सलाइन शंभर मिलिलिटर, गरज पडल्यास दहा-दहा मिनिटांनी पुन्हा दोनदा, ही पद्धत २०१५ च्या आंतरराष्ट्रीय सहमतिपत्रात आहे. अशा माणसाला 'पाणी कमी पडलेय' असे गृहीत धरून साध्या सलाइनच्या बाटल्या चढवणे जिवावर बेतू शकते. बोटे सुजलेली आहेत का, अंगठी रुतते आहे का, घड्याळाचा पट्टा घट्ट झाला आहे का, हे स्वयंसेवकानेही पाहावे. ही पाणी साचल्याची खूण आहे.

पेटक्यांचा वाद मी इथे सोडवणार नाही, पण त्याची ओळख करून देतो. खाणकामगारांपासून आलेली मिठाची उपपत्ती लोकप्रिय आहे. दक्षिण आफ्रिकेचे मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ मध्ये दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते थकलेल्या स्नायूला मज्जारज्जूकडून मिळणारे 'आखड' आणि 'सैल हो' हे दोन संदेश असमतोल होतात. पेटके आलेल्या आणि न आलेल्या अल्ट्रा धावपटूंच्या रक्तातल्या क्षारांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही, हे या बाजूचे बळ आहे. २०१० मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी पायाच्या स्नायूत विजेने पेटका आणला आणि लोणच्याचे पाणी पाजले. पेटका दीड मिनिटाच्या आत सुटला, पण रक्तातले क्षार बदललेलेच नव्हते. म्हणजे जे काही घडले ते घशातल्या मज्जातंतूंकडून. माझे मत असे की पोटरीत गोळा आला की बहुतेक वेळा दोष वेगाचा आणि सरावाचा असतो; पण अंगभर, पोटाच्या स्नायूंपर्यंत पेटके पसरत असतील आणि कपड्यांवर मिठाचे पांढरे थर दिसत असतील, तर खाणीतली जुनी उपपत्ती आठवावी. दोन प्रकारचे पेटके असावेत, असा कौल मी देतो.

आपल्या हवेविषयी थोडे. एक लिटर घाम वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, पण तो वाळायला हवा. अलिबाग-रत्नागिरीकडच्या दमट हवेत घाम टपकून वाया जातो. चंद्रपूर-नागपूरच्या कोरड्या हवेत तो येताच उडतो आणि आपल्याला फारसा घाम आलाच नाही असा भास होतो. दोन्हीकडे हिशेब वेगळा. पेयांच्या बाबतीत आपले स्वयंपाकघर समर्थ आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती मिश्रण कुठल्याही महागड्या पुडीच्या तोडीचे आहे. मीठ घातलेले ताक शर्यतीनंतर उत्तम, शर्यतीत काहींना जड पडते. कोकम सरबत चालते, पण मीठ मोजून घालावे. नारळपाण्याचे गुणगान मात्र आवरायला हवे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, आणि घामातून प्रामुख्याने जाते ते सोडियम. कॉम्रेड्सच्या वाटेवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे देतात. आपल्याकडच्या शर्यतींनी ते उचलावेत असे मला फार वाटते. आणि दुकानातून ओआरएस घेताना पाकिटावरचे सूत्र वाचावे. ते सूत्र न पाळणाऱ्या गोड पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापण्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती योग्यच झाली.

आता मोजमापाकडे. तासभराच्या सरावाआधी लघवी करून, अंग कोरडे करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. सरावानंतर पुन्हा तसेच. समजा ६८ किलोचे ६६.९ झाले आणि मध्ये चारशे मिलिलिटर पाणी प्यायले, तर घाम दीड लिटर. घामात लिटरमागे चाळीस मिलिमोल सोडियम धरले तर तासाला सुमारे १३८० मिलिग्रॅम सोडियम गेले, म्हणजे साडेतीन ग्रॅम मीठ. ते सगळे तिथल्या तिथे भरून काढायचे नसते. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या पेशींबाहेरच्या द्रवात दोन हजार मिलिमोलच्या आसपास सोडियम साठलेले असते, आणि दोन टक्क्यांपर्यंत वजन घटले तरी बहुतेकांचे बिघडत नाही. लांब शर्यतीत त्यापेक्षा थोडे जास्त घटणेही स्वाभाविक असते, कारण ग्लायकोजेन जळताना त्याच्यासोबत बांधलेले पाणी मोकळे होते आणि त्या वजनाची भरपाई करायची नसते. मात्र वजन वाढता कामा नये. हा एकच नियम मी अपवादाशिवाय सांगतो.

उरलेले पुष्कळ काही अजून कोणी मोजलेले नाही. अडथळा शर्यतींवरचे संशोधन रस्त्यावरच्या धावण्याच्या तुलनेत अगदी थोडे आहे. स्त्री-स्पर्धकांचा स्वतंत्र विचार त्यात विरळा, आणि दमट उष्ण हवेतला तर जवळजवळ नाहीच. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात सराव करणारे गट, कोल्हापूर-नाशिकचे धावपटू संघ आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीरक्रियाशास्त्र विभाग यांनी मनावर घेतले तर एका हंगामात उपयोगी माहिती जमेल. अशी नोंद ठेवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की आधीचे आणि नंतरचे वजन, लागलेला वेळ, तापमान, हवेतली आर्द्रता आणि प्यायलेल्या द्रवाचे माप हे रकाने सर्वांनी सारखेच ठेवावेत, आणि थंड पाण्यात किती मिनिटे काढली याचा एक जादा रकाना त्यात जोडावा. म्हणजे वेगवेगळ्या गावच्या वह्या शेजारी ठेवून वाचता येतील.